कॅनव्हास प्रिंट आणि फ्रेम, दांडिया बाजार, बडोदा: फ्रेम झकास, रंगांसाठी मात्र डोक्यावर उभं राहा

फ्रेमिंगला पाच स्टार, छपाईला तीन.

मला रशियन चित्रकार क्राम्स्कोयचा ‘लगाम घेतलेला शेतकरी’ हवा होता, 1883 चं चित्र, मूळ कीवच्या म्युझियममध्ये. दुकानाच्या कॅटलॉगमध्ये क्राम्स्कोय आहे पण त्याची ती बग्गीत बसलेली, पीसवाली टोपी घातलेली ‘अनोळखी स्त्री’, तीही 1883 चीच, हॉलमध्ये सगळे तीच लावतात. माझ्या चित्रातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची फाइल मग पेनड्राइव्हवर घरून न्यावी लागली. हे साइझचं आधीच सांगतो, मूळ चित्र 125 बाय 93 सेंमी आहे म्हणजे 18 बाय 24 इंचात जवळजवळ बरोबर बसतं, दुकानातले काका 16 बाय 20 घ्या स्वस्तात पडेल म्हणत होते पण त्यात खालून नाहीतर वरून कापावं लागतं, आणि हाताला अडकवलेला तो लगाम गेला तर मग छापायचं कशाला.

आता छपाई. इथे रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती छापून छापून हात बसलाय, त्यामुळे कुठलंही चित्र आलं की ब्राइटनेस आपोआप वर. पहिल्या सॅम्पलमध्ये म्हातारा चक्क गोरा! सुरकुत्या गुळगुळीत, धुवून धुवून विटलेला निळा सदरा एकदम शाळेच्या युनिफॉर्मसारखा कडक. म्हटलं काका, हा माणूस जन्मभर उन्हात राबलाय हो, तर म्हणे “भाई, बहु डार्क आवशे.” येऊ दे ना डार्क! चित्राचा सगळा जीव त्या तपकिरी रंगात आणि त्या बारीक केलेल्या डोळ्यांतच आहे. रशियात भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी गुलामी, 1861 ला गेली, त्यानंतर वीसेक वर्षांनी टॉलस्टॉयचं पोर्ट्रेट केलेला चित्रकार एका खेडुताला सव्वा मीटर उंचीच्या कॅनव्हासवर एकट्याला उभं करतो, आणि बिचारा वगैरे अजिबात करत नाही, काठीवर रेलून आपल्यालाच जोखत बसलाय असा. मिना मोइसेयेव नाव त्याचं, 1882 चा जो आधीचा स्टडी, म्हणजे तयारीचं चित्र, आहे पीटर्सबर्गला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

शेवटी ऑटो करेक्शन बंद करायला लावलं, ग्लॉसीऐवजी मॅट घेतलं आणि कोपऱ्याची नाही, चेहऱ्याची पट्टी आधी छापून बघितली, तेव्हा कुठे सुरकुत्या परत आल्या. पट्टीचे पैसे वेगळे लागतात, द्या, वसूल आहेत.

फ्रेमला मात्र नाव ठेवायला जागा नाही. सोनेरी नक्षीवाली पट्टी गळ्यात मारत होते ती नको म्हटलं, सागवानी साधी पट्टी घेतली, कोपरे असे जुळवलेत की नख जात नाही. आई बघून म्हणाली लगाम आहे तर घोडा कुठाय, बरोबर आहे तिचं, क्राम्स्कोयने घोडा काढलाच नाही.

डिलिव्हरी वेळेवर. हुक मात्र देतात ते हलके आहेत, चित्र तिरकं होत राहतं, आपले दोन जाड घेऊन जा.