ग्रीक हॉप्लाइट आर्मी: २८ मिमी प्लास्टिक की १५ मिमी मेटल?

टेबलावरच्या युद्धखेळासाठी रंगवायचे छोटे हॉप्लाइट (ढाल-भालेवाले ग्रीक पायदळ), साधारण २८ मिमी उंचीचे घ्यावेत की १५ चे, हा प्रश्न आहे. दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. आधी २८ मिमी प्लास्टिकमध्ये अथेन्सची फौज घेतली, दीड वर्षात जेमतेम चाळीस जण रंगवून झाले, मग १५ मिमी मेटलमध्ये थीब्सची. स्केल काय, प्रायमर (रंगाआधीचा थर) कशाला हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

दिसायला २८ भारी, यात वादच नाही. कॉरिंथियन हेल्मेटच्या फटीतले डोळे, लिननच्या चिलखताच्या खांद्यावरच्या पट्ट्या, आणि सगळ्यात मजा ढालीची. ग्रीकांच्या ढालीवर ज्याची त्याची हौस, कुणाचा कोंबडा, कुणाची गॉर्गन (सापाच्या केसांची राक्षसी), कुणाचा नुसता एक मोठा डोळा, रंगवलेल्या जुन्या ग्रीक भांड्यांवर बघून बघून मी एकेका ढालीवर अख्खा रविवार घातलाय आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. (स्पार्टा घेणाऱ्यांनी एक बघा, तो प्रसिद्ध लॅम्बडा (ग्रीक अक्षर Λ) ज्या पुराव्यावर उभा आहे तो इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटाकडचा, त्यामुळे थर्मोपिलीच्या लढाईची फौज करत असाल म्हणजे इ.स.पू. ४८०, तर सगळ्यांवर तोच काढायची सक्ती नाही.)

मग सोडलं का? तर ते उभे राहत नाहीत. एकेकटे झकास उभे राहतात, शेजारी शेजारी नाही.

हिशोबच करून बघा. खरी ढाल साधारण ९० सेंमी. २८ मिमीचं स्केल १:५६ च्या आसपास धरलं तर ढाल आली १६ मिमी. डीबीए या युद्धखेळाच्या नियमांनी २८ ला बेस (सैनिक चिकटवायची पट्टी) ६० मिमी रुंद आणि त्यावर चार भालेवाले. चार सोळं चौसष्ट! आता ढालीवर ढाल चढायलाच हवी, फॅलँक्स (ग्रीकांची ढालीला ढाल लावलेली दाट रांग) म्हणजे तेच, पण प्लास्टिकच्या किटमध्ये प्रत्येकाचा हात वेगळा चिकटवायचा असतो आणि आपण हौसेने एकाचा हात वर, एकाचा खाली, एक पुढे झुकलेला असं करून ठेवतो. मग मागच्याचा भाला पुढच्याच्या मानेत. मी तर सुटे २० मिमीचे बेस केले होते, म्हणजे कुठल्याही गेमला चालतील, तिथे तर कल्याणच. शेवटी सगळ्यांच्या बेसखाली नंबर टाकले, सातच्या उजवीकडे फक्त बारा बसतो, बाराच्या मागे तीनच, असं. भाच्याने एकदा प्रेमाने सगळे डब्यातून काढून ‘नीट’ लावून ठेवले आणि माझा अर्धा तास परत जुळवण्यात गेला, तेवढ्यात दोन भाले गेले. भाले तर दर वेळी जायचेच.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने इ.स.पू. ४१८ च्या मॅन्टिनियाच्या लढाईचं वर्णन करताना लिहिलंय की प्रत्येक जण आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड न्यायला बघतो आणि त्यामुळे अख्खी रांग उजवीकडे सरकत जाते. माझीही सरकायची, पण टेबलाच्या कडेकडे.

१५ मध्ये तोच हिशोब. १:१०० धरा, ढाल ९ मिमी, चार ढाली ३६, बेस ४० मिमी. बसले! एकदा फेविक्विकने चिकटवले की विषय संपला, बेस उचला, ठेवा, रांग सरळ. आणि थीब्स घ्यायचं असेल तर मला वाटतं १५ शिवाय मजा नाही, कारण ल्यूक्ट्राच्या लढाईत (इ.स.पू. ३७१) त्यांचा सेनापती एपामिनोंडासने आपली डावी बाजू पन्नास ढाली खोल, म्हणजे एकामागे एक पन्नास माणसं, अशी लावली होती, ती जाडी थोडीफार तरी जाणवायला पाहिजे. २८ मध्ये तेवढी माणसं रंगवेपर्यंत मी रिटायर होईन.

जागेचंही बोलतो. डीबीएची फौज बारा बेसची, १५ ला दोन फूट बाय दोन फूट मैदान पुरतं, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लढाई आणि दुसऱ्या टोकाला आई भाजी निवडतेय, असं आमच्याकडे झालंय. (‘दिवाळी गेली की रे, आता कसला किल्ला?’) शिवाय आपल्याकडे समोर खेळायला माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे दोन्ही फौजा आपणच करून मित्राला बोलवायचं. १५ मध्ये थीब्स नि स्पार्टा दोन्ही मिळून पेढ्याच्या दोन डब्यांत मावतात. अर्थात तुमच्या ओळखीचे सगळे २८ खेळत असतील तर मुकाट्याने २८ घ्या, माझं काही ऐकू नका.

१५ चे त्रास नाहीत असं नाही. चाळिशी लागली असेल तर भिंगवाला दिवा घ्यावाच लागतो. चेहरा रंगवण्यात अर्थ नाही, हाताच्या अंतरावरून एक ठिपका दिसतो. कोंबडे-गॉर्गन तर विसराच, म्हणूनही थीब्स बरं पडलं, ग्रीक लेखक झेनोफॉनने थीबन लोकांच्या ढालीवर हेराक्लीस या ग्रीक वीराची गदा असल्याचा उल्लेख केलाय, ती दोन फटकाऱ्यांत होते. स्प्रे प्रायमर पावसाळ्यात दोन्हीकडे सारखाच खरखरीत बसतो, जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशनेच मारा.

आणि भाले. मेटलचे ओतीव भाले तुटत नाहीत पण नुसते वाकतात, चार वेळा सरळ केले की तेही गेलेच. मी सरळ कापून टाकले, छोट्या हँड ड्रिलने मुठीत भोक पाडलं आणि टाचणी घातली. अडीच सेंमीची साधी टाचणी, डोकं कापलं की या स्केलला अडीच मीटरचा भाला, मापात! टाचण्या स्टीलच्या घ्या पण, सोनेरी दिसतात म्हणून मी आधी पितळी आणल्या होत्या, त्याही वाकल्या. आणि टोक थोडं घासून बोथट करा, नाहीतर फौज उचलताना बोटातून रक्त.