आठ महिने एलईडी: ब्रेक लाइट राहिले, इंडिकेटर परतले

जळका वास आला तेव्हा मी आधी टायरवरच संशय घेतला. पंक्चर झालेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी, चारही इंडिकेटर चालू आणि मी चाकाच्या नटांशी झटतोय. एक नट काही केल्या सुटेना. पाऊण तास असाच गेला. शेवटी लांब पाना शोधायला डिकी उघडली तर वास आतूनच येत होता. डावीकडचं अस्तर बाजूला केलं. सात महिन्यांपूर्वी मीच हौसेने एलईडी इंडिकेटरसोबत बसवलेला सोनेरी रेझिस्टर (करंट खाऊन त्याची उष्णता करणारा तुकडा) खाली पडला होता. ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तो बांधला होता ती वितळली होती, आणि अस्तरावर त्याने आपल्या मापाचा काळा डाग पाडून ठेवला होता. उचलायला गेलो तर बोटाला फोड आला.

तर हा अनुभव. गाडीच्या बाहेरचे सगळे बल्ब एलईडी केले त्याला आता आठ महिने झाले. सगळंच वाईट नाही, पण आधी इंडिकेटरचं सांगू द्या, नाहीतर बाकीचं मला नीट लिहिता येणार नाही.

मुळात हे सगळं केलं कंजुषीपोटी. माझ्या गाडीचा मागचा दिवा उघडायचा म्हणजे दोन नट आणि एक क्लिप, आणि ती क्लिप दर वेळी तुटते. वर्षातून दोनदा तरी कुठला ना कुठला बल्ब उडायचाच. एलईडी एकदा बसवले की गाडी विकेपर्यंत बघायला नको, असा हिशेब. शिवाय साधा इंडिकेटर २१ वॅट खातो, एलईडी ३ वॅट. ही वजाबाकी करून मी इतका खूश झालो की पुढचा गुणाकार करायचा राहूनच गेला.

पहिली ऑर्डर परत पाठवावी लागली, ती चूक माझीच. पी२१डब्ल्यू आणि पीवाय२१डब्ल्यू हे २१ वॅटचे बल्ब नुसते बघितले तर जुळे भाऊ. पण पहिल्याच्या दोन पिना समोरासमोर असतात आणि पिवळ्या पीवाय२१डब्ल्यूच्या जरा तिरक्या सरकवलेल्या असतात, पांढऱ्या काचेच्या इंडिकेटरमध्ये कुणी चुकून पांढरा बल्ब बसवू नये म्हणून. जुना बल्ब हातात घेऊन पिना बघा, मगच मागवा.

दुसऱ्या खेपेला बरोबर आले. आधी डावी बाजू बदलली, चावी फिरवली, दांडी खाली केली आणि टिकटिकटिकटिक सुरू झाली. मुलीने फोनवर घड्याळ लावून मोजलं. उजवीकडचे जुने बल्ब मिनिटाला ८४, डावीकडचे नवे १६८. "बाबा, गाडीला धाप लागलीय का रे?" संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत ही उघडझाप मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान हवी असं आहे. आमची गाडी पार पुढे निघून गेली होती.

कारण बहुतेकांना माहीत असेल. इंडिकेटर चालवणारं सर्किट बल्बकडे किती करंट जातोय ते बघत असतं. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, एलईडी पाव अँपिअर. सर्किटला वाटतं बल्ब उडाला, आणि ते चालकाला कळावं म्हणून वेग दुप्पट करतं. ज्यांच्या गाडीत फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) वेगळा उपसून काढता येतो त्यांनी एलईडीसाठीचा, करंट न बघणारा रिले टाकावा आणि पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत. नशीबवान आहात. माझ्या गाडीत वेगळा रिले नाहीच, ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरच्या, पोटात आहे. काही गाड्यांत स्कॅनर लावून ती सेटिंग बदलता येते. माझ्या गाडीत तशी सोय नाही, असं वायरमनने अर्धा तास खटपट करून सांगितलं.

मग उरला रेझिस्टर. प्रत्येक इंडिकेटरला एक, ६ ओहमचा, अंगावर '५० वॅट' लिहिलेला. त्याचं काम एकच: एलईडीने न घेतलेला करंट स्वतः घ्यायचा आणि त्याची उष्णता करायची, म्हणजे मॉड्यूलला वाटावं की जुना बल्बच आहे. १२ व्होल्टला ६ ओहम म्हणजे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. वर एलईडीचे ३. एकूण २७. जिथे २१ वॅट जात होते तिथे आता २७ जातात, आणि वर बल्ब 'वीज वाचवणारा'! आणि ते ५० वॅट म्हणजे तो रेझिस्टर धातूच्या पत्र्याला घट्ट आवळून बसवला, उष्णता पत्र्यात उतरू दिली, तरचे. मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवला तर तो त्याच्या कितीतरी आधीच चटके द्यायला लागतो. वळताना दहा सेकंद इंडिकेटर लागतो तेवढ्याने काही होत नाही. म्हणूनच सात महिने मला काही कळलं नाही. पाऊण तास चारही इंडिकेटर सलग चालले आणि कळलं.

आता तो राहिलेला गुणाकार. दिवसाला दहा मिनिटं इंडिकेटर धरा, पुढचा-मागचा मिळून ४२ वॅट, त्यातला निम्मा वेळ बंद. दिवसाला साडेतीन वॅट-तास. आठ महिन्यांचे २४० दिवस धरले तर ८४० वॅट-तास. वीजबिलाच्या भाषेत एक युनिटसुद्धा नाही! रेझिस्टर न लावता एलईडी चालले असते तरी आठ महिन्यांत पाऊण युनिटच्या आतच बचत झाली असती. त्यासाठी मी डिकीचं अस्तर जाळलं.

विकणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगतो. आधी फोटो मागितले, पाठवले. मग खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला. सात महिन्यांपूर्वीचा! मग उत्तर आलं की वॉरंटी बल्बची आहे, रेझिस्टरची नाही, आणि रेझिस्टर धातूवर बसवायचा असतो हे माहितीपत्रकात दिलंय. भिंग घेऊन बघितलं तर खरंच दिलंय. मी विचारलं, मग त्याच खोक्यात बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या कशासाठी दिल्यात? त्यावर अजून उत्तर नाही. दर सोमवारी एक स्मरणपत्र पाठवतो.

'कॅनबस' लिहिलेले, म्हणजे गाडीला जुन्या बल्बासारखेच भासणारे, एलईडी घेतले असते तर असं झालं नसतं, असं कुणीतरी म्हणेलच. त्यांच्यात तोच भार बल्बच्या पोटात बसवलेला असतो. उष्णता कुठे जात नाही, ती डिकीतून उठून दिव्याच्या आत, एलईडीच्या मांडीला मांडी लावून बसते. आणि एलईडीला उष्णतेचंच वावडं. पार्किंगच्या जोडीतला एक बल्ब मी तसाच घेतला होता, पाचव्या महिन्यात त्याच्या चार चिपांपैकी दोन मिटल्या. गाडी विकेपर्यंत बघायला नको म्हणे.

आणखी एक गंमत. चावी फिरवली की इंडिकेटर बंद असतानाही अंधारात एलईडी बारीक चमकतात. पहिल्या रात्री वाटलं वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे. तसं नव्हतं. बल्ब शाबूत आहे ना हे बघायला मॉड्यूल अधूनमधून विजेचा इवलासा ठोका पाठवतं. जुन्या बल्बाच्या आतली बारीक तार तापून उजळायला तेवढा ठोका पुरत नाही, म्हणून त्यात ते कधी दिसलंच नाही. एलईडीला तेवढंही पुरतं. धोका काही नाही, पण एकदा डोळ्यांत बसलं की दिसतच राहतं.

ब्रेक लाइटबद्दल माझं मत आठ महिन्यांत दोनदा बदललं. आधी पांढरे एलईडी टाकले, कारण जुना बल्ब पांढराच होता आणि लाल रंग काचेचा. रात्री बघितलं तर फिक्कट गुलाबी. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळा लेप, त्याच्या प्रकाशात लाल कमीच. लाल काच बाकीचं सगळं अडवते आणि उरतं ते थोडंसंच. तारेच्या बल्बात लाल भरपूर असतो म्हणून त्याला हे नडत नाही. लाल काचेमागे लालच एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळाच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक जोडी वाचली असती.

मग लाल आणले. रंग झकास. चार दिवसांनी भाऊ मागून त्याच्या गाडीने येत होता. उतरल्यावर म्हणाला, "तू ब्रेक दाबतोस की नुसतेच दिवे लावून फिरतोस?" टेल (रात्री मागे सतत लागणारा दिवा) आणि ब्रेक एकाच बल्बात असतात, पी२१/५डब्ल्यू, आत दोन तारा. ब्रेकची तार ४४० लुमेनची (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप), टेलची ३५ ची. बारा पटींचा फरक, म्हणून टेल चालू असतानाही ब्रेक ओळखू येतो. माझ्या स्वस्त एलईडीत टेलच इतका झगझगीत होता की ब्रेक दाबल्यावर जेमतेम दुप्पट वाटायचा. दिवसा ठीक, रात्री धोक्याचा. त्या दिवशी मी सगळंच काढून टाकायचं ठरवलं होतं. पण परत करायची मुदत शिल्लक होती, म्हणून त्याच पैशांत थोडा बरा संच बदलून घेतला.

आणि तो मात्र मला मनापासून आवडला. तार तापून पुरती उजळायला साधारण एकपंचमांश सेकंद जातो, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटरने मागून येणारा तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे आलेला असतो, एका गाडीच्या लांबीहून जास्त. भावाने पुन्हा मागे राहून बघितलं. "आता ठोका बसल्यासारखा लागतो," म्हणाला. मॉड्यूल ब्रेकच्या बल्बांचा करंट बघत नसल्यामुळे तिथे रेझिस्टरही लागला नाही. माझ्या गाडीत बघत नाही, तुमच्या गाडीत बघत असेल. आधी एक बल्ब काढून गाडी चालू करा, डॅशबोर्डवर सूचना आली तर समजून जा.

एक तक्रार मात्र आहे. पावसात माझ्या मागच्या दिव्यात थोडी ओल शिरते, जुनीच सवय आहे. आधी तारेच्या उष्णतेने ती दोन-तीन तासांत आपोआप वाळायची. आता काच आठवडाभर आतून धुरकट राहते. रबराची सील बदलायला हवी, म्हणजे पुन्हा ती क्लिप.

नंबर प्लेट आणि पार्किंगच्या डब्ल्यू५डब्ल्यू या छोट्या, ५ वॅटच्या बल्बांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. होल्डरमधून उपसायचा, नवा खोचायचा. लागला नाही तर काढून उलटा खोचायचा, एलईडीला दिशा असते. रिव्हर्स लाइट सगळ्यात फायद्याचे निघाले. काच पांढरी, लागतात काही सेकंदच, त्यामुळे तापायचा प्रश्न नाही, आणि मागच्या कॅमेऱ्यात रात्री पहिल्यांदा भिंत भिंतीसारखी दिसली. ज्यांना फक्त एकच जोडी बदलायची आहे त्यांनी हीच बदलावी.

हेडलाइटमध्ये एलईडी मी फक्त एकोणीस दिवस ठेवले. एच४ या जुन्या हॅलोजन बल्बाचा प्रकाश अप्परला १६५० लुमेन आणि डिपरला १०००. एलईडीच्या खोक्यावर होतं २०,०००! हा आकडा वाचूनच सावध व्हायला हवं होतं. बोनेटपुढचा रस्ता दुधासारखा पांढरा, आणि त्यापलीकडे, जिथे खरं बघायचं असतं, तिथे आधीपेक्षा कमी दिसायचं. जवळच्या उजेडाने डोळेच दिपलेले. एच४ च्या आत डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या तारेची नेमकी जागा धरून काढलेली असतात. एलईडीच्या चिपा पट्टीच्या दोन बाजूंना, पट्टीला जाडी. बल्बाची कॉलर (बसवायची कडी) फिरवून चिपा डावी-उजवीकडे केल्या, भिंतीवर खडूने रेघ मारून बघितलं, तरी रेघेच्या वर उजेड सांडायचाच. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारून शिव्या देत होता, आणि त्याचं बरोबर होतं. शिवाय हेडलाइट लावले की रेडिओत खरखर. हेडलाइटची मान्यता बल्बच्या प्रकारासकट दिलेली असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हे नियमातही बसत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीही ठरावीक गाड्यांच्या यादीपुरती, कारण प्रत्येक दिव्यात ते तपासावे लागतात. माझी गाडी कुठल्याच यादीत नसणार. हॅलोजन परत बसवले.

आणि पंक्चरच्या दुसऱ्याच दिवशी इंडिकेटरही. जुने चालू बल्ब मी फेकले नव्हते, एका मोज्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवले होते, घरात सगळ्यांनी हसून घेतलं होतं. चारही रेझिस्टर कापून काढले, वायरची टोकं टेपने बंद केली. मुलीने पुन्हा घड्याळ लावलं. ८४.

चौघांपैकी पुढच्या डाव्या बल्बाचा पिवळा लेप उडायला लागलाय, त्यामुळे तो थोडा पांढरट चमकतो. तेवढा एक नवा आणायचाय, पिना बघून.