इव्होचे पार्ट्स विकले आणि २,६८,८०० रुपयांना बुडालो

माझी मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन गाडी गेल्या पावसात चोर्ला घाटात आपटली, चॅसी (खालचा सांगाडा) वाकली, इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी. गाडी परत उभी राहणार नव्हती म्हणून आरसी रीतसर आरटीओत सरेंडर केली आणि डिचोलीला घरामागच्या शेडमध्ये एकेक पार्ट खोलला. हे आधीच सांगतोय कारण पुढे पोलिसांनी मलाच चोरीचा माल विकणारा समजून प्रश्न विचारले.

कोल्हापूरहून एकाचा फोन आला. रेकारोच्या पुढच्या दोन सीट ७०,०००, ब्रेम्बोचे चारही ब्रेक कॅलिपर डिस्कसकट ९५,०००, टर्बो ४५,०००, १८ इंची चार अलॉय ७५,०००, टोटल २,८५,०००. सगळं घेतो म्हणाला, एक रुपया कमी करा म्हणाला नाही. तिथेच कळायला हवं होतं! जुना टर्बो घेणारा पहिल्यांदा शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते विचारतो, कंप्रेसर व्हीलचा फोटो मागतो, डिस्क किती घासल्यात ते विचारतो. ह्याने काहीच नाही, फक्त "कधी उचलू?" एवढंच. १५ वर्षं गाड्यांत हात काळे केलेत मी, आणि माझ्या डोक्यात काय आलं तर चवथीच्या आधी पैसे येतायत, बरं झालं. तो फोन आठवला की आजही रात्री झोप लागत नाही.

२०,००० टोकन यूपीआयने लगेच आलं, खरं आलं, म्हणून विश्वास बसला. बाकी २,६५,००० चा चेक शुक्रवारी साडेचारला त्याने तिकडच्या ब्रँचमध्ये माझ्या खात्यात भरला, स्लिपचा फोटो पाठवला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स वाढलेला दिसला. त्याच्या खाली "उपलब्ध" रक्कम वेगळी लिहिलेली असते ती बघा, मी बघितली नाही. चेकवर नाव तिसऱ्याच कुठल्यातरी फर्मचं होतं, पण धंद्यात भावाच्या फर्मचा चेक देतातच की लोक, ह्यात संशय घेण्यासारखं काय वाटणार? सहा वाजता पिकअप दारात हजर. पॅकिंगचे आणि हमालीचे ३,८०० पण मीच दिले. शनिवार दुसरा, बँक बंद, रविवार गेला, सोमवारी संध्याकाळी चेक परत, सही जुळत नाही म्हणून. फोन तेव्हापासून बंद.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तर म्हणे पैसे तुमच्या खात्यातून गेलेच नाहीत, पोलीस स्टेशनला जा. स्टेशनात म्हणे सायबरवाल्यांकडे जा, सायबरवाले म्हणे चेक आहे तर कोर्टात जा, परत स्टेशनात गेलो तर "पात्रांव, माल कोल्हापूरला गेला ना, मग तिथे तक्रार द्या." झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घ्यायची तक्रार, कुठल्याही स्टेशनात घ्यावीच लागते, हे मी त्यांना सांगायचं? ज्या खात्यातून २०,००० आले त्या माणसाला तरी शोधा म्हटलं तर साहेब म्हणतात ते पैसे तर तुम्हाला मिळाले ना! आरसी सरेंडरचा कागद तीनदा दाखवला. बँक चेक कोणाचा ते सांगत नाही, गोपनीयता म्हणे. माझा माल गेला त्याची कोणाला पडलेली नाही. पाच सुट्ट्या घालवल्या, अजून हातात फक्त अर्जाची पोच आहे.

चेक परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला वकिलाची नोटीस गेलीच पाहिजे, पोलिसांच्या मागे फिरण्यात ते दिवस घालवू नका. पिकअपचा नंबर गाडी भरायच्या आधी परिवहनच्या अ‍ॅपवर टाका, मी नंतर टाकला, तो एका ट्रॅक्टरचा निघाला. आणि चेक असेल तर क्लिअर होईपर्यंत नटबोल्टसुद्धा हातात देऊ नका, समोरचा कितीही "दादा, दादा" करू दे.

माझ्या मालाची खूण सांगतो: ड्रायव्हर सीटच्या डाव्या बाजूला फाटलेलं आहे, तिथे मी लाल दोऱ्याने शिवलंय. मागच्या उजव्या कॅलिपरच्या रंगाचा टवका उडालाय. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे कोणाला असला माल स्वस्तात दाखवला तर घेऊ नका, विकणाऱ्याचा नंबर तेवढा मला पाठवा.