कुत्र्याची प्रोस्टेट वाढली: ऑपरेशन करावं की गोळी चालू ठेवावी?

सात-आठ वर्षांचा नर परसात बराच वेळ वाकून बसतो, जोर करतो आणि शी येते ती चपटी, फितीसारखी. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ आहे, पेजेत तूप घाला. काहींच्या बाबतीत लघवी करत नसतानाही रक्ताचे थेंब फरशीवर दिसतात. अंडकोष शाबूत असलेल्या नरांत पाच वर्षांनंतर प्रोस्टेट, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीची नराची ग्रंथी, वाढणं अगदी सर्रास आहे. माणसात ही ग्रंथी मूत्रमार्ग आवळते, म्हणून आजोबा रात्री चारदा उठतात. कुत्र्यात ती बहुधा बाहेरच्या बाजूने फुगते आणि वरच्या गुदाशयावर दाब देते. म्हणून लघवीआधी तक्रार येते ती शीची.

पर्यायांकडे वळण्याआधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्या. गोव्यात गोचीड बारा महिने असतात. गोचीडतापात प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरल्या की रक्तस्राव होतो आणि ऑपरेशनही धोक्याचं ठरतं. ताप आणि पोटात दुखणं असेल, तर प्रोस्टेटला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे आधी अँटिबायोटिक, तेही बहुधा चार आठवडे किंवा जास्त. आणि ज्याचे अंडकोष पूर्वीच काढलेत, त्याची ग्रंथी मोठी दिसली तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. खालची तुलना त्याच्यासाठी नाही.

साधीच वाढ असेल, तर अंडकोष काढणं हा मुळावरचा उपाय. टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे अंडकोषात बनणाऱ्या नर-हार्मोनचा, पुरवठा तुटला की साधारण तीन आठवड्यांत ग्रंथी जवळपास निम्मी होते, पुढच्या महिन्यांत आणखी आकसते. खर्च एकदाच. गुदद्वाराभोवतीच्या गाठी आणि तिथला हर्निया, ज्यांच्या मागे हेच हार्मोन असतं, त्यांनाही आळा बसतो. प्रोस्टेटच्या कर्करोगापासून मात्र संरक्षण मिळत नाही. भूल द्यावी लागते, म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय, मूत्रपिंड आधी तपासायला हवं. नंतर वजन वाढतं, भात कमी करावा लागतो. शक्य असल्यास ऑपरेशन पावसाळा टाळून करा. ओल्या अंगणात, चिखलात लोळणाऱ्या कुत्र्याचे टाके दहा-चौदा दिवस कोरडे ठेवणं म्हणजे घरच्यांचीच परीक्षा. पण रक्त जात असेल तर ऑक्टोबरची वाट पाहू नका.

फिनास्टेराइड ही माणसांचीच गोळी, मेडिकलमध्ये मिळते. मात्रा कुत्र्याच्या वजनावर असल्याने डॉक्टरांनीच ठरवायची. ती टेस्टोस्टेरॉन बंद करत नाही, त्याचं पुढचं जास्त तीव्र रूप बनू देत नाही. त्यामुळे ग्रंथी हळूहळू, काही महिन्यांत लहान होते, प्रजननक्षमता टिकते. भटकणं, भांडणंही टिकतात. खरी गोम अशी की ती रोज, आयुष्यभर द्यायची. चतुर्थीला सगळं घर मूळगावी गेलं आणि कुत्रा शेजाऱ्यांकडे राहिला की गोळ्या चुकतात. थोडे दिवस चुकले तर फार बिघडत नाही, पण औषध सुटलंच तर ग्रंथी पुन्हा वाढते. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेली गोळी तिने हाताळू नये, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो.

कातडीखाली घालायचं, टेस्टोस्टेरॉन बनणं काही काळ थांबवणारं डेस्लोरेलिनचं इम्प्लांट हा मधला मार्ग, सहा महिने ते वर्ष चालतो. सुरुवातीला हार्मोन उलट चढतं, त्रास काही दिवस वाढू शकतो. ते मिळेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

माझं मत विचाराल तर, पिल्लं घ्यायची नसतील आणि तपासण्या ठीक असतील, तर ऑपरेशनच. गोळी ज्याला भूल झेपत नाही त्याच्यासाठी, किंवा जातिवंत नराला आणखी काही काळ प्रजननासाठी ठेवायचं असेल तर. ‘नराला खच्ची करणं पाप’ म्हणून वर्षानुवर्षं गोळी देणारेही भेटतात. पाप-पुण्याचा हिशेब मला कळत नाही, पण गोळी सुटली की त्या कुत्र्याची शी पुन्हा अडते.

तपासणीत ग्रंथी मोठी निघाली पण त्रास काहीच नसेल, तर लगेच काही करायची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. लघवी थेंबही होत नसेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.