ब्लिनाटुमोमॅब की कार-टी: कोकणातून खारघरला जाणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाला बी-पेशींचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. उपचार खारघरला, टाटाच्या कॅन्सर केंद्रात. केमोनंतर आजार उलटला तेव्हा ब्लिनाटुमोमॅब घेतलं, म्हणजे शरीरातल्या लढाऊ टी-पेशींना कॅन्सरपेशींशी भिडवणारं औषध. पुन्हा उलटला तेव्हा कार-टी, म्हणजे त्याच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार. दोन्ही उपचारांत उशाशी मीच होतो.

दोन्हींचा नेम एकाच ठिकाणी, बी-पेशीवरच्या सीडी१९ या प्रथिनावर. पहिल्या औषधानंतर काहींच्या कॅन्सरपेशींवरून ते नाहीसं होतं, म्हणून कार-टीआधी पुन्हा तपासून घ्या. भावाचं शाबूत निघालं.

आजार झपाट्याने वाढत असेल तर ब्लिनाटुमोमॅबच बरं, कारण ते लगेच सुरू करता येतं. कार-टीत टी-पेशी काढून, त्यांच्यात नवं जनुक घालून, वाढवून परत मिळेपर्यंत आम्ही साडेतीन आठवडे काढले. तेवढे दिवस केमोवर रेटले. ती धाकधूक विसरता येत नाही.

पण ब्लिनाटुमोमॅबचा तो पंप! एका फेरीत २८ दिवस, रात्रंदिवस औषध चालू. सुरुवातीचे दिवस वॉर्डात, नंतर खारघरच्या भाड्याच्या खोलीत. नळीला जराशी घडी पडली की पंप वाजायचा आणि आई अंधारात हाक मारायची, "परत वाजता हा रे ता!" पिशवी बदलताना नळी सलाइनने धुवायची नसते, नाहीतर नळीतलं औषध एकदम आत जातं. एकदा नव्या नर्सने सवयीने सिरिंज उचलली, मी ओरडलोच. शिवाय औषध ४ तास किंवा जास्त बंद राहिलं, तर ते पुन्हा देखरेखीखालीच सुरू करावं लागतं. कुडाळहून पनवेलला तुतारी एक्स्प्रेसने रात्र जाते. म्हणजे घरी जायचं नावच नको. मधले १४ दिवस सुटी, की पुन्हा तीच खोली. कुठल्याही दुष्परिणामापेक्षा आम्हाला यानेच थकवलं.

कार-टीतही खारघरला महिनाभर राहिलो, पण एकदाच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. आधी ३ दिवस केमो, मग पेशींची एक छोटी पिशवी, बस. तिसऱ्या दिवशी ताप चढला, रक्तदाब उतरला, ही प्रतिक्रिया आवरायला टोसिलिझुमॅब हे औषध द्यावं लागलं. ती रात्र कठीण गेली. अजूनही जंतुसंसर्गाला जपावं लागतं. खर्चही लाखांत, आम्ही काजूची बाग गहाण टाकली. तरी महिन्याने भाऊ कुडाळ स्टेशनवर उतरला तेव्हा अंगाला एकही नळी नव्हती.

एका घरच्या अनुभवावरून औषधाला उणं म्हणता येणार नाही, आणि दोन्हींनंतर अनेकांना बोनमॅरो ट्रान्सप्लांट सुचवतातच. पण सीडी१९ शाबूत असेल, आजार थोडी सवड देत असेल आणि पैशांची जुळणी होण्यासारखी असेल, तर पंपाची पुढची फेरी घेण्याआधी डॉक्टरांना कार-टीबद्दल स्पष्ट विचारा. आम्ही उशिरा विचारलं.