तीन डुकरं: १९३३ची प्रत लावावी की १९४८ची?

मे महिन्यात सोसायटीच्या पोरांना जुनी कार्टून दाखवायची म्हटलं की डिस्नेचं ‘थ्री लिटल पिग्ज’ यादीत येतंच. पण कुठली प्रत लावायची? १९३३ची मूळ, की १९४८मध्ये स्टुडिओनेच एक तुकडा नव्याने काढून बसवलेली? मी दोन्ही लावून पाहिल्यात, वेगवेगळ्या वर्षी, ठाण्यातल्या आमच्याच हॉलच्या त्याच भिंतीवर.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सांगत बसत नाही. फरक आहे तो विटांच्या घराच्या दारातल्या काही सेकंदांचा. काठ्यांच्या घराशी लांडगा टोपलीत टाकून दिलेलं कोकरू बनून येतो, विटांच्या घराशी ब्रश विकणारा फेरीवाला बनून. १९३३च्या प्रतीत हा फेरीवाला ज्यू आहे: मोठं नकली नाक, चष्मा, दाढी, पायघोळ झगा आणि बोलण्यात यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची बोली) हेल. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला तेच हे वर्ष. १९४८मध्ये नाक-दाढी गेली, नुसता ब्रशवाला उरला.

बाकी सिनेमा तोच. भिंतीवर ‘वडिलां’ची तसबीर आणि तिच्यात सॉसेजची माळ, हा विनोद दोन्हींत आहे. मोठी माणसं दोन्ही वर्षी तिथेच फुटली. विटांचा पियानोही तसाच. तेव्हा कलेच्या बाजूने कौल द्यायचा तर माझ्याकडे देण्यासारखं फारसं काही नाही.

मी मुळात जुन्या कामाला हात लावू नये या मताचा. म्हणून पहिल्या वर्षी हट्टाने मूळ प्रत लावली. नाक दिसलं आणि पोरं खदखदली. एकाने विचारलं, ‘काका, हा कोण झालाय?’ मी सिनेमा थांबवला आणि समजावायला गेलो. तिथेच फसलो. चेष्टा का चुकीची हे सांगायला आधी ती चेष्टा काय आहे ते सांगावं लागतं. ‘ज्यू म्हणजे काय?’ ‘अरे, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आहेत ना, त्या.’ झालं! सगळी पोरं मागे वळली आणि आजींचं नाक बघायला लागली.

आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, माहेर अलिबागकडचं, गावच्या भाषेत शनिवार तेल्यांचं (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांचं) घर. या पोरांनी त्यांच्या हातचा मलिदा कितीदा खाल्लाय. तोवर त्या फक्त आजी होत्या. पोरांच्या डोक्यात जे नव्हतंच ते मी पाच मिनिटांत घालून ठेवलं. आजी हसून म्हणाल्या, ‘लाव रे पुढे, लांडगा ताटकळलाय.’ मी लावला, पण शेवटी लांडगा धुराड्यातून ज्यात पडतो त्या टर्पेंटाइनच्या हंड्यापर्यंत माझं लक्ष पडद्यावर नव्हतं.

पुढच्या वर्षी १९४८ची लावली. सिनेमा एकदाही थांबवावा लागला नाही. आजी पुन्हा त्याच रांगेत होत्या. उठताना म्हणाल्या, ‘डुक्कर आमच्यात चालत नाही, ही तीन चालतील.’

माझ्या एका मित्राला हे पटत नाही. त्याच्या मते ही रंगसफेदी आहे, डाग पुसला की डाग होता हेच कुणाला कळत नाही. त्याचं खोटं नाही. कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवणार असाल तर मीही बहुधा मूळच लावीन, आधी दहा मिनिटं बोलून. पण समोर सात-आठ वर्षांची पोरं असतील तर निदान मला तरी नंतरचीच बरी वाटते. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

एक मात्र करा. नेटवरच्या फाइलच्या नावावरून प्रत कुठली ते कळत नाही. आदल्या रात्री विटांच्या दारापर्यंत एकट्याने बघून घ्या.