पाच मीटर कापड, पाऊस आणि आम्ही दोघी

बाळाला छातीशी बांधायच्या कापडाला माझे तीन तारे. चार दिले असते, पण खोक्यावर ‘आईचा ताण गायब’ असं छापलंय. एक तारा त्या ओळीपायी गेला.

लेक मे संपता संपता झाली, सिझेरियन. कावीळ निघाली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली. हातात यायची ती दूध पाजण्यापुरती. डिचोलीला घरी आलो, तर ती पाळण्यात, मी खाटेवर आणि मधे बघायला येणाऱ्यांची रांग. मला सारखं रडू यायचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, असं बऱ्याच जणींना होतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरेना. पोर माझीच आहे, हे कुणीतरी सांगावं लागत होतं.

मामेबहिणीच्या सांगण्यावरून हे मागवलं. १,३४९ रुपये, ताणलं जाणारं सुती कापड. पहिल्या दिवशी बांधताना निम्मं फरशीवर लोळत होतं. पाठीवर फुली, पुढे फुली, मग गाठ. चिठ्ठीतल्या चित्रात गाठ पोटावर आहे, ती नेमकी टाक्यांवर बसते. कुशीवर घ्या. बाळाचं नाक उघडं दिसलं पाहिजे, हनुवटी छातीत रुतता कामा नये. आणि हे बांधून चुलीपाशी, गॅसपाशी जायचं नाही.

ब्लाउजची बटणं काढून, लेकीला नुसत्या लंगोटावर आत घेतलं. माझी हनुवटी तिच्या डोक्याला टेकली. टाळू धडधडते, हे मला सतराव्या दिवशी कळलं.

कमी वजनाच्या बाळांना असं अंगाशी धरणं १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झालं, तिथे काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. माझी २.९ किलोची. तिला गरज नसेल, मला होती. दिवेलागणीला ती किंचाळायची, तेव्हा हे बांधून पडवीत फेऱ्या मारायच्या, की दहा मिनिटांत गप्प. “हाताची खोड लागतली गो तिका,” सासूबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी स्वतःच कापड घेऊन आल्या, “माका बांध बघू.”

पण ती खोक्यावरची ओळ. दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा डॉक्टरांनी बाळंतिणीचं नैराश्य ओळखायचा दहा प्रश्नांचा एडिनबरा कागद भरून घेतला. ३० पैकी माझे १५ आले, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत. त्यानंतर समुपदेशन सुरू झालं, ते अजून चालू आहे. गोव्यातल्याच बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली छापून आलाय: सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य. वाचून मला वाईट वाटायच्या ऐवजी जरा हायसंच वाटलं. कापड बांधूनही रडू थांबत नसेल तर कापडाला दोष देऊ नका, स्वतःला तर नकोच. डॉक्टरांना सांगा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.

मे महिन्यात हे घेऊ नका, दोघींना घामोळं येईल. पावसात वेगळीच पंचाईत. बुधवारी धुतलं, पडवीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलं, आज शनिवार. अजून ओलं आहे.